'सकर' म्हणून घेतलेला मासा नेमका कोणता?

दर काही महिन्यांनी एकाच धर्तीचा फोटो मोबाईलवर येतो. मच्छीमाराच्या हातात काळपट, खडबडीत अंगाचा मासा, पाठीवर उभं राहिलेलं शीड, खालच्या बाजूला गोल तोंड. वर ओळ असते, 'नदीत सापडला विचित्र मासा'. २०२० मध्ये वाराणसीला गंगेत तो सापडला तेव्हा देशभर बातमी झाली. आपल्याकडे उजनीच्या जलाशयात तो जाळ्यात येतो म्हणून भीमेकाठचे मच्छीमार तक्रार करत आहेत. कुणी त्याला हेलिकॉप्टर मासा म्हणतं, कुणी सकर.

मूळचा हा दक्षिण अमेरिकेचा. उजनीत तो पोहत आलेला नाही, पृथ्वीच्या त्या टोकाहून इथवर त्याला माणसाने आणलं. त्याचीच बोटभर पिल्लं आपल्या गावातल्या फिश टँकच्या दुकानात 'काच साफ करणारा मासा' म्हणून पिशवीत बांधून मिळतात. आणि त्याच पिंपात, त्याच नावाने, अगदी त्याच्यासारखे दिसणारे पण स्वभावाने आणि आकाराने पूर्ण वेगळे मासेही विकले जातात. कोणता कोणता हे घेणाऱ्याला कळत नाही, बऱ्याचदा विकणाऱ्यालाही नाही. थोडी नजर तयार झाली की घरच्या घरी बरंचसं ओळखता येतं. कसं, ते बघू.

एका नावाखाली चार मासे

दुकानात 'सकर' मागितलात तर साधारण चारपैकी एक मासा हातात पडतो.

पहिला म्हणजे उजनीवाला. त्याचं शास्त्रीय नाव टेरिगोप्लिक्थिस. नाव जिभेवर बसायला वेळ लागतो, म्हणून या लेखात आपण त्याला 'शीडवाला' म्हणू. दुसरा ब्रिसलनोज, म्हणजे अँसिस्ट्रस. नर मोठा झाला की त्याच्या नाकावर मांसल फांद्या फुटतात. तिसरा ऑटोसिंक्लस, जेमतेम दीड-दोन इंचांचा, झाडांच्या पानांवर बसणारा. चौथा चायनीज अल्गी ईटर, बऱ्याचदा पिवळ्या-सोनेरी रंगाचा.

यातला चौथा कॅटफिश, म्हणजे मिशावाला मासा, नाहीच. तो थायलंडकडचा, आपल्या रोहू-कटल्याच्या गणातला. अंग गुळगुळीत, खवल्यांचं, मिशा नाहीत. लहान असताना शेवाळ खातो, मोठा झाला की इतर माशांच्या अंगाला चिकटून त्यांच्यावरचा बुळबुळीत थर ओरबाडतो. गोल्डफिशच्या अंगावर चट्टे का पडताहेत म्हणून औषधं घालत बसलेल्या दोन घरांत मला कोपऱ्यात हाच मासा दिसला आहे. त्याला वेगळा काढणं सोपं आहे, कारण त्याच्या अंगावर चिलखत नाही.

चिलखत म्हणजे काय

आपले मागूर, शिंगाळा हे मिशावाले मासे. त्यांना खवले नसतात, हातातून निसटतात. दक्षिण अमेरिकेतल्या एका मोठ्या कुळाने मात्र वेगळी वाट धरली. त्यांच्या अंगावर हाडांच्या पट्ट्या एकीवर एक बसलेल्या असतात, कौलारू छपरासारख्या. प्रत्येक पट्टीवर बारीक दाते असतात. शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवलं तर सँडपेपर घासल्यासारखं लागतं. या कुळाचं नाव लोरिकॅरिइडी, आणि त्यात हजाराच्या वर जाती आहेत. जाती म्हणजे आपसांत पिल्लं वाढवत राहणारा, इतरांपासून वेगळा राहिलेला गट, एवढी ढोबळ व्याख्या इथे पुरे.

हे चिलखत बघून पहिल्यांदा नाव देणाराही फसला होता. १७५८ मध्ये, सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालणाऱ्या लिनियसने सुरिनामकडच्या अशाच एका माशाला नाव दिलं तेव्हा त्याने तो चक्क स्टर्जन माशांच्या गटात टाकला, कारण युरोपात हाडांच्या पट्ट्यांचा ओळखीचा मासा तोच होता. त्या नावातला 'प्लेकोस्टोमस' म्हणजे घडीचं तोंड. त्याचंच 'प्लेको' झालं आणि ते जगभरच्या दुकानांत पसरलं. गंमत अशी की लिनियसचा तो मासा, हायपोस्टोमस प्लेकोस्टोमस, दुकानात फार क्वचित दिसतो. पाटीवर नाव त्याचं, पाण्यात बहुतेक वेळा शीडवाला.

छत्रीच्या काड्या मोजा

आता मुख्य खूण. माशाचा पर म्हणजे छत्री समजा. कापड पातळ, त्याला ताणून धरणाऱ्या काड्या. पाठीवरच्या पराची सगळ्यात पुढची काडी जाड आणि टणक असते, तो काटा. तो सोडून द्यायचा. त्याच्या मागच्या, टोकाला फाटे फुटलेल्या मऊ काड्या मोजायच्या.

सातच्या आसपास भरल्या तर मासा ब्रिसलनोज, खरा हायपोस्टोमस किंवा त्यांच्यासारखा कुणीतरी. दहा किंवा जास्त भरल्या, बहुधा अकरा ते तेरा, तर तो शीडवाला.

पिल्लाच्या काड्या कमी आणि मोठ्याच्या जास्त असं होत नाही. आपल्या हाताची बोटं जन्मतः पाच आणि म्हातारपणीही पाचच, तसंच. त्यामुळे दीड इंचाच्या पिल्लावरही ही खूण चालते. रंग उतरला, पाणी गढूळ झालं, मासा घाबरून फिकट पडला, तरी आकडा तोच. पांढऱ्या-गुलाबी, लाल डोळ्यांच्या माशांत तर दुसरा इलाजच नाही, कारण शीडवाल्यातही असे रंगहीन मासे असतात आणि ब्रिसलनोजमध्येही, आणि नक्षी दोघांचीही गेलेली असते.

अडचण एकच. मासा पर मिटून बसतो. मी दुकानात गेलो की मोबाईल काचेला लावून व्हिडिओ सुरू करतो आणि विक्रेत्याला जाळी पाण्यात घालायला सांगतो. जाळी दिसताच मासा दचकून पर उभारतो. तेवढा अर्धा सेकंद पुरतो. घरी नाही, तिथेच काउंटरवर व्हिडिओ थांबवून काड्या मोजायच्या.

मोजता आलंच नाही तर मिटलेला पर बघा. शीडवाल्याचा पर इतका लांब असतो की मिटल्यावर त्याचं मागचं टोक शेपटीजवळच्या छोट्या पराला टेकायला येतं. ब्रिसलनोजमध्ये दोघांमध्ये बहुधा मोकळी जागा राहते.

नाकावरच्या फांद्या नसतील तर?

'ब्रिसलनोज द्या, तो लहानच राहतो' असं कुणीतरी सांगितलेलं असतं. मग आपण नाकावर फांद्या शोधतो. त्या दिसत नाहीत, विक्रेता म्हणतो 'मादी आहे' किंवा 'अजून पिल्लू आहे', आणि आपण विश्वास ठेवतो. त्याचं म्हणणं खरंही असू शकतं. मादीला फांद्या नसतात किंवा ओठाच्या कडेला बारीक झालरीएवढ्याच असतात, आणि पिल्लांत नर-मादी सारखेच दिसतात.

मीही तसाच विश्वास ठेवला होता. दोन फुटांच्या टँकमध्ये मादी म्हणून आणलेला मासा दीड वर्षात वीतभराच्या पुढे गेला. तेव्हा मी पहिल्यांदा काड्या मोजल्या. बारा. रात्री दिवा मालवला की लाकडावर त्याची खरवड ऐकू यायची, दिवा लावला की डोळ्याच्या बाहुलीवर वरून एक पाकळी उतरायची आणि डोळा मिचकावल्यासारखा दिसायचा. लळा लागला होता. पण त्याला वळायलाही जागा उरली नव्हती. शेवटी मोठा टँक असलेल्या एका ओळखीच्यांकडे तो दिला.

फांद्यांऐवजी नाकाची कड बघायला हवी होती. ब्रिसलनोजच्या नाकाच्या पुढच्या कडेला हाडाच्या पट्ट्या नसतात, तिथे मऊ कातडी असते. वरून पाहिलं तर डोकं रुंद, चपटं, बेडकासारखं. शीडवाल्याचं डोकं उंच आणि नाकापर्यंत टणक. ब्रिसलनोज पूर्ण वाढून चार-पाच इंचांवर थांबतो, शीडवाला फूट-दीड फुटापर्यंत जातो. ओळखण्यातल्या या एका चुकीची किंमत एवढी आहे.

पोटावरची रांगोळी

शीडवाला आहे एवढं कळलं, पण कोणता? त्याच्याही जाती आहेत आणि इथे प्रकरण खरं अवघड होतं. पाठीवरून त्या बहुतेक सारख्याच, मातकट आणि काळसर. फरक पोटावर असतो. नशीब असं की हा मासा काचेला चिकटतो आणि पोट आपल्यासमोर धरून बसतो. दुसऱ्या कुठल्या माशाने इतकी सोय करून दिलेली नाही.

ठिपक्यांची रांगोळी आठवा. आधी नुसते ठिपके मांडतात. प्रत्येक ठिपका सुटा, मधे पांढरी जागा. पोट तसं दिसलं, फिकट जमिनीवर सुटे गडद ठिपके, तर तो पार्डालिस. हा अ‍ॅमेझॉनचा, १८५५ मध्ये नाव मिळालेला. नावाचा अर्थ बिबट्यासारखा. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या मनाउस शहराच्या बाजारात तो खायला विकतात, तिथल्या लोकांचा तो रोजच्या जेवणातला मासा आहे.

आता ठिपके जोडायला घेतले आणि रेघा वळत, एकमेकींत मिसळत गेल्या. पोट तसं, शेवयांच्या गुंत्यासारखं दिसलं तर तो डिस्जंक्टिव्हस. हा मदेइरा नदीचा. त्याला वेगळी जात म्हणून नाव मिळालं १९९१ मध्ये, म्हणजे अगदी अलीकडे. त्याआधी तो दुसऱ्यांच्या नावावर खपत होता.

सुटे ठिपके ओरिनोको नदीच्या मल्टिरेडिएटसच्याही पोटावर असतात. जुन्या पुस्तकांत आणि दुकानांच्या यादीत जवळपास प्रत्येक शीडवाल्याला हेच नाव चिकटवलेलं सापडतं, म्हणून ते वाचून लगेच मान डोलवू नका. पॅराग्वे नदीकडच्या अनिसित्सीमध्ये हिशोब उलटा असतो, जमीन गडद आणि ठिपके फिकट. आणि गिबिसेप्स, ज्याला दुकानात लेपर्ड किंवा सेलफिन म्हणतात, तो डोक्यामागच्या उंचवट्यावरून आणि अंगभर चित्त्यासारख्या मोठ्या ठिपक्यांवरून लांबूनच ओळखू येतो. सगळ्यांत देखणा तोच, आणि दीड फुटापर्यंत वाढणाराही तोच.

मग तज्ज्ञांचं एकमत का होत नाही?

कारण काही मासे अर्धवट रांगोळीचे असतात. पोटाच्या पुढच्या भागात सुटे ठिपके, मागे जोडलेल्या रेघा. दक्षिण अमेरिकेत पार्डालिस आणि डिस्जंक्टिव्हस वेगवेगळ्या नद्यांत राहतात. पण तैवान, फिलिपिन्स, भारत अशा जिथे-जिथे माणसाने त्यांना पोचवलं तिथे ते एकत्र आले, आणि दोन्हींच्या मधल्या नक्षीचे मासे भरपूर सापडू लागले. त्यांचा संकर झाला असावा असं अनेक संशोधकांना वाटतं.

'मग डीएनए तपासा ना!' हा पुढचा प्रश्न रास्त आहे. मासे ओळखण्यासाठी नेहमी तपासला जाणारा डीएनएचा तुकडा पेशीतल्या मायटोकाँड्रियातला असतो, आणि तो फक्त आईकडून येतो. आपल्याकडे आडनाव वडिलांकडून येतं. नुसतं आडनाव सांगितलं तर आईचं माहेर कळत नाही. इथे ते उलट्या बाजूने लावा. तुकड्यावरून आईचं घराणं कळेल, बाप कोण ते गुलदस्त्यात. शिवाय या दोघांच्या बाबतीत तुकड्यातला फरक इतका थोडा निघतो की नक्षी एक सांगते आणि डीएनए दुसरंच. म्हणून बाहेर पसरलेल्या माशांबद्दल लिहिताना बरेच शास्त्रज्ञ दोघांची नावं जोडूनच लिहितात.

म्हणजे पोट बघून तुम्ही गोंधळलात तर तुमची नजर कच्ची आहे असं समजू नका. मासाच तसा असेल. 'शीडवाला, मधल्या नक्षीचा' असं लिहून ठेवणं हे छातीठोकपणे चुकीचं नाव घेण्यापेक्षा केव्हाही बरं. दुकानातला नेहमीचा ब्रिसलनोज नेमका कोणत्या जातीचा यावरही अजून शिक्का बसलेला नाही. अनेक पिढ्या टँकमध्येच वाढल्याने त्याचं मूळ गाव सांगणं कठीण झालं आहे.

'एल-४६' वगैरे नंबर कशाचे?

चिलखती माशांच्या पाटीवर कधी कधी असे नंबर असतात. नव्या गाडीला पक्का नंबर येईपर्यंत तात्पुरता नंबर लावतात, तसंच हे. १९८० च्या दशकात ब्राझीलमधून इतके नवे चिलखती मासे येऊ लागले की शास्त्रज्ञांचं नामकरण मागे पडलं. १९८८ मध्ये एका जर्मन मत्स्यमासिकाने फोटो छापून त्यांना एल-१, एल-२ असे क्रमांक द्यायला सुरुवात केली. पद्धत सोयीची, पण क्रमांक म्हणजे जात नव्हे. गिबिसेप्सलाच एल-८३ आणि एल-१६५ असे दोन क्रमांक आहेत. क्रमांक बघून 'हा दुर्मीळ' म्हणून जादा पैसे मोजण्याआधी एवढं माहीत असावं. शिंगू नदीतला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एल-४६ मात्र खरोखर दुर्मीळ आहे, त्याच्या निर्यातीवर ब्राझीलने बंदी घातली आहे आणि त्याच्या नदीवर बेलो मोंची हे प्रचंड धरण उभं राहिलं आहे.

'नाव कळून फरक काय पडतो? मासा तो मासा'

हे मला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

शीडवाला दोन-तीन वर्षांत फूटभर होतो. 'टँक लहान असला की मासाही लहान राहतो' हे खरं नाही. त्याची वाढ खुंटलेली दिसली तर ती कोंडमाऱ्याने खुंटलेली असते. तो काच साफ करत नाही, उलट मोठा झाल्यावर शेवाळाकडे फारसा बघत नाही आणि घाण मात्र भरपूर करतो. मग घरचे वैतागतात. मारायचं जिवावर येतं. कुणीतरी म्हणतं, तळ्यात सोडून देऊ, जगेल बिचारा, पुण्य लागेल.

तो खरंच जगतो. पाण्यात प्राणवायू कमी झाला की हा मासा वर येऊन हवेचा घोट घेतो आणि जठराच्या भिंतीतून ती हवा वापरतो. म्हणून सांडपाण्याने काळं पडलेलं पाणी त्याला चालतं आणि जाळ्यातून काढून काठावर टाकलेला मासा कित्येक तासांनीही हलताना दिसतो. अंडी घालायला तो काठाच्या मातीत हातभर खोल बिळं करतो, आणि अंड्यांवर नर पहारा देतो. बिळांनी काठ पोखरतो, ढासळतो. काटे आणि चिलखतामुळे त्याला गिळणारे कमी. मेक्सिकोत इन्फिएर्निलो धरणाच्या जलाशयात तिलापियाची मोठी मासेमारी होती. तिथे शीडवाला पसरला आणि मच्छीमारांच्या जाळ्यांत विकत न जाणारे काटेरी मासे भरू लागले.

जाळ्यात अडकलेला हा मासा मी जवळून सोडवताना पाहिला आहे. पाठीचा काटा आणि दोन्ही बाजूंच्या परांचे काटे ताठ उभे करून तो त्यांना जागच्या जागी अडकवतो. दोरा काट्यावरच्या दात्यांत शिरतो. एक मासा सोडवायला जाळ्याच्या चार-पाच गाठी कापाव्या लागल्या. ज्याचं पोट त्या जाळ्यावर आहे त्याच्यासाठी हा संध्याकाळचा अर्धा तास आणि पुन्हा विणायचं काम.

तळ्यात सोडलेला ब्रिसलनोजही चूकच, कोणताही टँकमधला मासा बाहेर सोडू नये. पण चार इंचांचा मासा कुणी कंटाळून सोडायला जात नाही. प्रश्न घरात मावेनाशा होणाऱ्या माशाचा आहे, आणि तो प्रश्न दुकानात काड्या मोजून तिथेच संपवता येतो. घरात आधीच मोठा झालेला असेल तर दुकानाला परत द्या, मोठा टँक असलेल्या कुणाला द्या. नदी, विहीर, गणपती विसर्जनाचा तलाव यातलं काहीही नको.

'फोटो काढून अ‍ॅपला विचारलं तर?'

विचारा, पण पाठीचा फोटो घालून नाही. पाठीवरून या जाती माणसालाही वेगळ्या काढता येत नाहीत. उभारलेल्या पराचा बाजूने एक आणि पोटाचा एक, असे दोन फोटो हवेत. अ‍ॅपने मल्टिरेडिएटस सांगितलं तर मघाची सूचना आठवा. मासा कुठे पोचला आहे हे कळायला तर आता तो दिसावाही लागत नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पूर्व घाटातल्या जलाशयांचं नुसतं पाणी तपासून, त्यात माशाच्या अंगातून सुटलेल्या डीएनएवरून, त्याचा माग काढला आहे.

उलट बाजूची चूक

आणखी एक गोष्ट मला बोचते. 'विचित्र मासा दिसला तर मारून टाका' अशी आवाहनं फोटोसोबत फिरतात. पण आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतही खडकाला चिकटून राहणारे मिशावाले मासे आहेत, ग्लिप्टोथोरॅक्स. बोटभर लांबीचे, पावसाळ्यातल्या धारेतही दगडाला धरून बसणारे. त्यांतल्या एकाचं नाव पुण्यावरून आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९३८ मध्ये त्याला ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस म्हटलं. नद्यांची आजची अवस्था बघता तो आता धोक्यात आलेल्या माशांत मोजला जातो.

त्याला ओळखायला काड्या मोजाव्या लागत नाहीत. अंगावर चिलखत नाही, कातडी उघडी. तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या. आणि चिकटण्याची जागा तोंडात नसते. मासा ओल्या हातावर हळूच उताणा करा, गळ्याखाली छातीवर बारीक घड्यांचा एक पट्टा दिसेल, नेसताना चिमटीत धरलेल्या निऱ्यांसारखा. तो दिसला की हात पाण्यात बुडवा आणि मासा त्याच दगडाशी सोडा.